‘ही नळी अजून लागणार आहे का?’ : रुग्णालयात जडणाऱ्या जंतुसंसर्गाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक हकिगत पुन्हा पुन्हा वाचायला मिळाली. घरातील वयस्क माणूस एका आजारासाठी रुग्णालयात गेला आणि तेथे त्याला दुसराच आजार जडला. पत्रे निरनिराळ्या गावांची आहेत, रुग्णालये कुठे मोठी तर कुठे वीस खाटांची आहेत, पण गोष्ट जवळजवळ तीच. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून केवळ या पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि रुग्णालयांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. औषध सुरू करणे किंवा थांबवणे हा निर्णय मात्र रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना धरून उभेही केले. पाचव्या दिवशी मात्र थंडी वाजून ताप भरला, रक्तदाब उतरला आणि लघवीतील जंतू रक्तात गेल्याचे सांगण्यात आले. लघवीची नळी तोवर तशीच होती. आठ दिवसांत घरी येणारे वडील तेवीस दिवसांनी आले. डॉक्टर म्हणाले, ‘या वयात असे होतेच.’ खरोखर होतेच का, की हा हलगर्जीपणा समजायचा? – एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : दाखल होताना जो संसर्ग शरीरात नव्हता, किंवा आत मुरतही नव्हता, आणि दाखल झाल्यावर साधारण ४८ तास उलटल्यानंतर जो दिसू लागला, त्याला रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. शस्त्रक्रियेच्या जखमेच्या बाबतीत हा हिशेब ३० दिवसांपर्यंत धरतात आणि शरीरात कृत्रिम सांधा, पट्टी किंवा स्क्रू बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार श्रीमंत देशांतील रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना आणि आपल्यासारख्या मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो, आणि संसर्ग झालेल्या दर दहा जणांपैकी सरासरी एक जण दगावतो. तेव्हा ‘असे होते’ हे डॉक्टरांचे म्हणणे खोटे नाही. माझा आक्षेप त्यांच्या वाक्यातील शेवटच्या ‘च’ला आहे.

वयाचा वाटा मोठा असतो, हे मान्य केले पाहिजे. वय वाढते तशी त्वचा पातळ होते, खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद घटते, मूत्राशय पुरते रिकामे होत नाही, तोंडाला कोरड पडते आणि जंतूंना तोंड देणाऱ्या पेशींची पूर्वीची तडफ राहत नाही. त्यात मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, स्टेरॉइडच्या गोळ्या, कर्करोगावरील औषधे किंवा महिनोन्महिने अर्धपोटी राहिल्याने खालावलेली प्रकृती यांची भर पडली, की तरुण माणूस जो संसर्ग सहज परतवून लावतो तोच वृद्धाला खाटेला खिळवतो. पण वयामुळे केवळ प्रतिकार कमी होतो. जंतू आत शिरतात ते बहुतेक वेळा आम्ही घातलेल्या एखाद्या नळीवाटे, किंवा कोणाच्या तरी न धुतलेल्या हातावरून.

वडिलांच्या बाबतीत ती वाट लघवीच्या नळीची होती. रुग्णालयात होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश या नळीशी निगडित असतात. एरवी लघवीची धार मूत्रमार्ग वेळोवेळी धुऊन काढते. नळी घातली की हे धुणे थांबते. नळी जागच्या जागी राहावी म्हणून तिच्या टोकाशी जो लहान फुगा फुगवलेला असतो, त्याच्याखाली थोडी लघवी साचून राहते, आणि नळीच्या आतबाहेर जंतूंचा एक बुळबुळीत थर चढू लागतो. या थरात दडलेल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. नळी जितके दिवस राहते त्यातील प्रत्येक दिवशी सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, आणि महिनाभर राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्याच लघवीत ते सापडतात. हे जंतू पुष्कळदा बाहेरचे नसतात. ते रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यांतले असतात आणि नळीने त्यांना नको तेथे जायला रस्ता करून दिलेला असतो.

खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी नळी घालण्यात काही चुकले नाही. शस्त्रक्रियेसाठी घातलेली नळी, ठेवण्याचे वेगळे कारण नसेल तर, शक्यतो २४ तासांच्या आत काढावी असे मार्गदर्शक सूत्र आहे. ज्या दिवशी वडिलांना उभे केले त्या दिवशी ती का ठेवली होती, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. लघवी तुंबत असेल, मूत्रपिंडाचे काम तासातासाला मोजायचे असेल किंवा माकडहाडाजवळची जखम ओली होऊ द्यायची नसेल, तर ती सयुक्तिक कारणे होत. पण मी निवासी डॉक्टर असताना पाहिलेले आणि स्वतः केलेले सांगतो. सकाळच्या फेरीत आम्ही ताप पाहत होतो, रक्ताचे अहवाल वाचत होतो, आणि खाटेला टांगलेली पिशवी डोळ्यांसमोर असूनही ती का आहे हे कोणी कोणाला विचारत नव्हते. काही नळ्या केवळ काढायला कोणी सांगितले नाही म्हणून राहिल्या. रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असतील, तर चादर ओली न होणे ही तिची सोय असते, आणि त्यासाठी तिला दोष देणे मला जमत नाही. माणसे वाढवणे हे रुग्णालयाचे काम आहे.

हे टाळता येते का, याचा पुरावा अमेरिकेतील मिशिगन राज्याने दिला आहे. तेथील सुमारे शंभर अतिदक्षता विभागांनी मोठ्या रक्तवाहिनीत घालायच्या नळीसाठी पाच साध्या गोष्टी नेमाने पाळायचे ठरवले : हात धुणे, नळी घालताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणे, त्वचेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावणे, शक्य असेल तेव्हा जांघेतील शीर टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, नळीच्या दर हजार दिवसांमागे २.७ असलेला संसर्गांचा मध्यक (सर्व विभागांचे आकडे क्रमाने लावले तर मधोमध येणारा आकडा) तीन महिन्यांत शून्यावर आला. या पाचांत एकही महागडे यंत्र नाही.

हलगर्जीपणा होता की नाही, हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि नुसता संसर्ग झाला एवढ्यावरून तो सिद्धही होत नाही. रुग्णाच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्या घ्या, आणि नळी कोणत्या तारखेला घातली, का घातली, ती ठेवण्याचे कारण नंतर कधी लिहिले गेले का, हे पाहा. पुढे घरातील कोणालाही दाखल करावे लागले, तर रोज सकाळी फेरीला आलेल्या डॉक्टरांना एकच प्रश्न शांतपणे विचारत जा : ‘ही नळी अजून लागणार आहे का?’ लघवीच्या नळीइतकाच तो मानेतील नळीला, नाकातील नळीला आणि हातावर चार दिवस तशीच राहिलेल्या सलाइनच्या सुईलाही लागू आहे.

प्रश्न : माझी आई ८२ वर्षांची आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या रात्री ती बरळू लागली. उठून माहेरी जायचे म्हणे, मला ओळखेना. ताप नव्हता. ‘म्हातारपणी नवी जागा मानवत नाही’ असे म्हणून झोपेचे औषध दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यूमोनिया असल्याचे कळले. ताप नसताना आम्ही ते ओळखायचे कसे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वृद्धांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणूक होते ती येथेच. गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी सुमारे २० ते ३० टक्के जणांना ताप येतच नाही किंवा अगदी माफक येतो. ज्यांचे एरवीचे तापमान ९७ अंश फॅरनहाइट असते, त्यांच्यात ९९ चा आकडाही पुरेसा बोलका असतो, पण तक्त्यावर तो ‘ताप नाही’ असाच नोंदवला जातो. म्हणून दाखल केल्याच्या पहिल्या दिवशीच आईचे नेहमीचे तापमान, नेहमीचा रक्तदाब आणि नेहमीचे वागणे कसे असते, ते सिस्टरना सांगून ठेवावे.

एका दिवसात, किंवा काही तासांतच आलेला गोंधळ, दिवसा ग्लानी आणि रात्री तळमळ, ओळखीच्या माणसाला न ओळखणे, याला आम्ही तीव्र भ्रमावस्था म्हणतो. स्मृतिभ्रंश महिन्यावर्षांनी वाढतो, असा एका रात्रीत येत नाही. भ्रमावस्थेची कारणे अनेक असतात : दुखणे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवी औषधे, सोडियम कमी होणे. पण शस्त्रक्रियेनंतर ती दिसली की संसर्ग शोधलाच पाहिजे. बोलक्या भ्रमापेक्षा मुकी भ्रमावस्था अधिक धोक्याची असते, कारण जो रुग्ण गडबड न करता नुसता पडून राहतो आणि दोन घास खाऊन तोंड फिरवतो, त्याच्याकडे ‘शांत झोपले आहेत’ म्हणून दुर्लक्ष होते. श्वासाचा वेग पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजावा. तो शांत पडलेला असताना पंचवीसच्या पुढे गेला तर लगेच सांगावे. लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, आदल्या दिवशी चालणारा माणूस आज उभा राहताना कोसळणे, हीही तशीच चिन्हे आहेत. सांगताना ‘आई बरळते आहे’ एवढ्यावर थांबू नये. ‘आई कालपर्यंत अशी नव्हती’ असे सांगावे. हा ‘कालपर्यंत’ फक्त घरच्यांना ठाऊक असतो, आम्हाला नसतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तेथे आम्हा डॉक्टरांकडून उलटी चूक होते. वृद्ध गोंधळला की लघवी तपासायची, त्यात जंतू सापडले की कारण सापडले असे मानायचे आणि अँटिबायोटिक सुरू करायचे, असा परिपाठ पडला आहे. वृद्धाश्रमांत किंवा दीर्घकालीन शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यांपर्यंत स्त्रियांच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जंतू असतात. ते उपद्रव देत नाहीत आणि त्यांच्यावर औषध देऊन फायदा होत नाही. तुमच्या आईचाही प्रथम केवळ लघवीचा अहवाल पाहिला असता, तर फुप्फुसाकडे लक्ष जायला आणखी एक दिवस लागला असता.

प्रश्न : वडिलांच्या कल्चरच्या अहवालात ‘क्लेबसिएला’ असे लिहिले आहे आणि पुढे सगळ्या औषधांसमोर ‘आर’. फक्त कोलिस्टिनचा उपयोग होईल, असे सांगितले. हा जंतू त्या रुग्णालयातलाच का? आता वडील घरी येणार आहेत. घरात पाच वर्षांची नात आहे. तिला दूर ठेवावे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : कल्चर म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ते कोणते आहेत आणि कोणत्या औषधाला दाद देतात हे पाहणारी तपासणी. ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, अर्थात त्या औषधाला हा जंतू दाद देत नाही. क्लेबसिएला न्यूमोनिए हा अनेकांच्या आतड्यांत निमूट राहणारा जीवाणू आहे. त्याच्या काही वाणांनी मात्र कार्बापेनेम गटातील, म्हणजे आपल्याकडील सर्वांत प्रबळ समजल्या जाणाऱ्या औषधांचे तुकडे करणारी विकरे (एन्झाइम) मिळवली आहेत. त्यांपैकी एका विकराला आपल्या राजधानीचे नाव चिकटले आहे. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ साली सापडलेल्या क्लेबसिएलामध्ये ते आढळले, आणि त्याचे ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असे नामकरण झाले. नावावरून आपल्याकडे बराच संताप झाला आणि तो समजण्यासारखाही होता. पण नावावर वाद घालण्यात जेवढी शक्ती गेली तेवढी वॉर्डातील हात धुण्याच्या बेसिनवर खर्च झाली असती, तर रुग्णांचे अधिक भले झाले असते, असे मला आजही वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली धोकादायक जीवाणूंची जी क्रमवारी लावली, तिच्यात कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेबसिएला सर्वांत वर आहे.

कोलिस्टिन हे औषध १९४०च्या दशकाअखेरीस सापडलेले. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून १९७०च्या सुमारास ते मागे पडले, आणि दुसरा इलाजच उरला नाही म्हणून आम्हाला ते कपाटातून पुन्हा काढावे लागले. कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून तेच औषध त्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, ही गोष्ट योग्यच झाली. वडिलांना ते दिले जात असताना मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिअ‍ॅटिनिनची तपासणी नियमित होत आहे ना, हे विचारत राहा.

जंतू त्या रुग्णालयातलाच होता का, हे एका अहवालावरून ठरवता येत नाही. वारंवार घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे असे वाण माणूस दाखल होण्यापूर्वीच त्याच्या आतड्यांत वाढलेले असू शकतात. सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या चार गोळ्या आपले सौम्य जंतू मारतात आणि चिवट जंतूंना मोकळी जागा देतात. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या ‘एच-वन’ परिशिष्टातील अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराने त्यांची नोंदवही ठेवली पाहिजे, असा कायदा आहे. तो पाळला जाणे हे गिऱ्हाईक काय मागते यावरही अवलंबून आहे.

नातीला दूर ठेवू नका. धडधाकट मुलाला या जंतूपासून आजार होण्याची शक्यता फार कमी असते. वडिलांची लघवी, शौच किंवा जखम हाताळणाऱ्याने साबणाने हात धुवावेत, त्यांचा टॉवेल वेगळा ठेवावा, कपडे नेहमीच्या साबणाने धुऊन उन्हात वाळवावेत. ताटवाटी वेगळी करण्याची गरज नाही. आजारातून उठलेल्या वृद्धाला घरात अस्पृश्यासारखे वागवले गेले, तर त्याचे खाणेपिणे तुटते आणि प्रकृती आणखी ढासळते. हा अहवाल मात्र जपून ठेवा आणि पुढे कोणत्याही रुग्णालयात गेलात तर पहिल्याच दिवशी दाखवा, म्हणजे त्यांना योग्य औषध निवडता येईल आणि इतर रुग्णांच्या बाबतीत काळजीही घेता येईल.

प्रश्न : आयसीयूत जाताना आम्हाला चपला काढायला लावतात, गाऊन घालायला देतात. आत मात्र एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना कोणी कोणी हात न धुता जाताना दिसले. बोललो तर ते रागावतील आणि आमच्या माणसाची आबाळ होईल, अशी धास्ती वाटते. – एक वाचक, पुणे

उत्तर : चपलांनी फारसा फरक पडत नाही, हातांनी पडतो. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली हे दाखवून दिले. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांच्या विभागात त्या एप्रिलमध्ये शंभरातल्या सुमारे अठरा बाळंतिणी दगावल्या. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केल्यावर जूनमध्ये हे प्रमाण सुमारे दोनवर आले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्यही झालेला नव्हता. सेमेलवाइस यांचे म्हणणे त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनी हयातीत स्वीकारले नाही, कारण आपल्याच हातांनी रोगी दगावतात हे ऐकून घेणे डॉक्टरांना जड गेले. ते आजही जाते, आणि तुमची धास्ती म्हणूनच निराधार नाही.

तरीही बोला, पण आरोपाच्या सुरात नको. सॅनिटायझरची बाटली उशाशी ठेवावी आणि डॉक्टर जवळ येताच ‘डॉक्टर, सॅनिटायझर इथे आहे’ एवढेच म्हणावे. बहुतेक जण निमूट हात पुढे करतात, असा माझा अनुभव आहे. मला एका आजोबांनी असेच सुनावले होते आणि त्यानंतर त्यांच्या खाटेशी मी एकदाही चुकलो नाही. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, कोणतीही निर्जंतुक क्रिया करण्यापूर्वी, रक्त-लघवी-कफ यांच्याशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर, आणि रुग्णाला न शिवता केवळ खाटेचा कठडा किंवा सलाइनचा पंप हाताळल्यानंतरही हात स्वच्छ करायचे असतात. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळावा, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद. हातमोजे हा त्याला पर्याय नाही. तेच मोजे घालून तीन खाटा हिंडले, तर उघड्या हातांनी हिंडल्यासारखेच होते. अँटिबायोटिकनंतर पाण्यासारखे जुलाब होत असतील तर सॅनिटायझरवर विसंबू नये, कारण क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. तेथे साबण आणि वाहते पाणीच हवे.

नातेवाइकांविषयी थोडे. सर्दी-खोकला असलेल्याने भेटायला जाऊ नये आणि रुग्णाच्या खाटेवर बसू नये. कपाळाला अंगारा लावण्यास माझी हरकत नसते. लावणारा हात धुतलेला असावा आणि तो मानेतील नळीच्या पट्टीजवळ जाऊ नये. पण शुद्ध नसलेल्या किंवा गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात तीर्थाचे थेंब कृपा करून घालू नका. ते घशातून खाली अन्ननलिकेत न जाता फुप्फुसात उतरतात आणि तोंडातले जंतू बरोबर नेतात.

प्रश्न : पक्षाघातानंतर यजमान अंथरुणाला खिळून आहेत. लघवीची नळी आणि नाकातून अन्नाची नळी घालून त्यांना घरी पाठवले आहे. घरी मी आणि एक मदतनीस बाई. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिकची गोळी रोज चालू ठेवावी, असे एका परिचितांनी सुचवले आहे. – एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : गोळी रोज देऊ नका. तिने संसर्ग टळत नाही, फक्त पुढचा संसर्ग अधिक चिवट होतो. आधी डॉक्टरांना विचारा की पुरुषांसाठी बाहेरून लावायची पिशवी, म्हणजे कंडोम कॅथेटर, चालेल का, किंवा ठरावीक वेळी नळी घालून लघवी काढून घेणे जमेल का. आत राहणारी नळी ठेवावीच लागणार असेल, तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. खुर्चीत बसवताना ती मांडीवर ठेवण्याची चूक बहुतेक घरांत होते आणि साचलेली लघवी उलटी आत जाते. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी, तोटी भांड्याला टेकू देऊ नये, नळी आणि पिशवी यांचा सांधा उगाच उघडू नये. आंघोळीच्या वेळी साबण-पाण्याने तो भाग धुणे पुरेसे आहे. जंतुनाशक, पावडर, मलम काही नको. लघवी गढूळ दिसली किंवा वास आला एवढ्यावरून धावपळ करू नये. थंडी-ताप, ओटीपोटात दुखणे, लघवीत रक्त, नळी तुंबणे किंवा माणूस एकाएकी सुस्त होणे, यांपैकी काही झाले तर मात्र थांबू नये.

तोंडाने खात नाहीत म्हणून दात घासणे बंद केले असेल, तर ते आजच सुरू करा. न वापरलेल्या तोंडात जंतू अधिक वाढतात आणि झोपेत लाळेबरोबर फुप्फुसात झिरपतात. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात, हिरड्या आणि जीभ पुसावी, तोंडात पाणी साचू देऊ नये. नाकातील नळीने अन्न देताना आणि त्यानंतर तासभर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच असावी. सपाट निजवून देऊ नये. दर दोन तासांनी कूस बदलावी आणि दोन्ही टाचा व माकडहाड रोज उजेडात पाहावे. लाल झालेली जागा चोळू नये, कारण तेथील नाजूक पेशींना त्याने आणखी इजा होते. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोकॉकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. आणि तुम्हालाही झोप मिळेल अशी व्यवस्था घरच्यांनी केली पाहिजे, कारण चार रात्री जागलेल्या माणसाकडून या साऱ्यातील निम्मे सुटून जाते.

प्रश्न : आईच्या गुडघ्याच्या सांधेबदलाची शस्त्रक्रिया दोन महिन्यांनी ठरवली आहे. आधी काय पाहावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : साखर आटोक्यात आणावी, दातांतील पू किंवा पायावरील जखम आधीच बरी करून घ्यावी आणि घरी कोणीही त्या पायावरचे केस वस्तऱ्याने काढू नयेत, कारण वस्तऱ्याच्या बारीक चिरांत जंतू वाढतात, काढायचेच तर रुग्णालयात क्लिपरने काढतात. अँटिबायोटिकचा डोस छेद देण्यापूर्वीच्या १२० मिनिटांच्या आत द्यायचा असतो, आणि शस्त्रक्रिया संपल्यावर तो ‘सुरक्षिततेसाठी’ आठ दिवस चालू ठेवण्याचा लाभ सिद्ध झालेला नाही. रुग्णालय आपल्या संसर्गांची मोजदाद ठेवते का, हे सरळ विचारा. जे आकडा सांगतात, त्यांच्यावर मी ‘आमच्याकडे संसर्ग होतच नाहीत’ म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक विश्वास ठेवतो.

प्रश्न : आईला जाऊन चार महिने झाले. कर्करोगावरील इंजेक्शने चालू होती, पांढऱ्या पेशी अगदी उतरल्या होत्या आणि रक्तात जंतू गेल्याने ती गेली. शेवटचे नऊ दिवस तिचे तोंड पुसणे, केस विंचरणे, पाणी देणे सारे मीच करत होते. माझ्याच हातून तर गेले नाहीत ना हे जंतू? – एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. अशा औषधांनी पांढऱ्या पेशी उतरतात त्याच सुमारास आतड्यांचे आणि तोंडाचे अस्तरही पातळ होऊन जागोजागी फाटते, आणि एरवी आत बंदिस्त राहणारे रुग्णाचे स्वतःचेच जंतू थेट रक्तात उतरतात. त्यासाठी बाहेरच्या कोणाचा हात लागावा लागत नाही. या अवस्थेत रक्तात सापडणाऱ्या जंतूंचा उगम पुष्कळदा हाच असतो. दुसरा उगम असतो तो मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा, आणि ती नळी तुम्ही हाताळत नव्हता. तोंड पुसल्याने किंवा केस विंचरल्याने हा संसर्ग झाला असे मानायला वैद्यकीय आधार नाही. उलट तोंड स्वच्छ ठेवणे हा अशा रुग्णाच्या शुश्रूषेचाच भाग आहे, आणि ते तुम्ही करत होता.

ज्या डॉक्टरांनी आईला तपासले, त्यांच्याकडे फाइल घेऊन एकदा जा आणि हाच प्रश्न त्यांना विचारा. रक्ताच्या कल्चरमध्ये कोणता जंतू निघाला, हे त्यांना पाहता येईल आणि तो बहुधा कोठून आला असावा, हेही सांगता येईल. त्यानंतरही रात्री झोप लागत नसेल, तर घरच्या डॉक्टरांना तेही मोकळेपणाने सांगा. अहवालाची प्रत संपादकांच्या पत्त्यावर पाठवलीत, तर मी ती वाचून तुम्हाला स्वतंत्रपणे लिहीन.